पलीकडच्या खोलीत

"नवऱ्याचं नाव?"

मी खाली बघितलं.

"तुला विचारतोय. नवऱ्याचं नाव काय?"

"जोतिराम."

"मोठ्यानं. भिंतीला ऐकू गेलं पाहिजे."

"जोतिराम बाळू ऐवळे."

लग्नात बायकांनी दारात अडवलं तेव्हा उखाण्यात गुंफून एकदा हे नाव घेतलं होतं. पुढं संसारात कधी गरज पडली नाही, 'अहो' म्हटलं की भागायचं. ते पुन्हा माझ्या तोंडातून निघालं ते तालुक्याच्या पोलीस ठाण्यात, आणि मग निघतच राहिलं. फौजदार घाटगे रोज सकाळी तिथूनच सुरुवात करायचे. नवऱ्याचं नाव काय, कधी गेला, जाताना काय म्हणाला, तू कुठं उभी होतीस. मी सांगायची. ते दुपारी जेवून यायचे, मिशा पुसायचे आणि म्हणायचे, "हां, नवऱ्याचं नाव?" सांगता सांगता बाई कधीतरी अडखळेल, आणि अडखळली की तिथंच तिला धरायची, असा त्यांचा हिशेब होता.

आमचं गाव कृष्णेच्या काठचं. ऐवळ्यांच्या घरात वाजवणं पिढीजात. सासऱ्यांची सनई होती. थोरल्या दिरांनी, दिनकरभाऊजींनी, सनई सोडून बँड काढला, लाल कोट शिवले, जुनी गाडी घेतली. माझे मालक त्या बँडमध्ये क्लार्नेट वाजवायचे. बोलायला अगदी कमी माणूस. घरात आहेत की नाहीत हे कळायचं ते ओठांतल्या ओठांत कुठली तरी चाल फुंकत असायचे त्यावरून. मी भाकरी थापत असले की चाल थापेवर यायची. मी थांबले की तेही थांबायचे. मूलबाळ झालं नाही. पण आमच्या घरात दोन माणसांचा पुरेसा आवाज होता.

वैशाखात एक दिवस जतकडचं लग्न वाजवून बँडची गाडी सकाळी परत आली. हे घरी आले, आंघोळ केली, अर्धी भाकरी ताटातच ठेवली. "जरा मिरजेला जाऊन येतो," म्हणाले आणि गेले. संध्याकाळी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत. आठवडा उलटला. मिरजेत, सांगलीत, नातेवाइकांत, सगळीकडे माणसं पाठवली. कुणी बघितलं नव्हतं.

क्लार्नेटची पेटी मात्र घरीच होती, फळीवर, नेहमीच्या जागी.

त्या पेटीनंच माझा घात केला. दिनकरभाऊजींनी ठाण्यात तक्रार दिली ती तिच्यावर बोट ठेवून. माझा भाऊ आपणहून गेला असता तर वाद्य घेऊन गेला असता, तो गेला नाही, त्याला घालवलाय. कुणी घालवला? तर त्याच्या बायकोनं आणि समोरच्या गुरसिद्ध टेलरनं. गुरसिद्ध बँडचे कोट शिवायचा. मी त्याच्या दुकानातून कपडे आणून घरी काजं-बटणं करायची. कधी त्याच्या पायरीवर बसून करायची. बायको मेलेला माणूस आणि मूल नसलेली बाई एका पायरीवर बसली की गावाला दुसरं काय दिसणार?

घाटगे फौजदारांना हे पटलं होतं. म्हणायचे, "गेलेला माणूस आपलं हत्यार घेऊन जातो. मेलेल्याचंच घरी राहतं."

मला रोज सकाळी बोलवायचे आणि दिवस मावळताना सोडायचे. बराच वेळ नुसतं बाकावर बसवून ठेवायचे. येणारा-जाणारा बघायचा, आपसात बोलायचा. ठाण्याच्या फाटकाला वंगण नव्हतं, कुणी आलं की ते करकरायचं, आणि प्रत्येक वेळी माझी मान तिकडं वळायची. घाटग्यांनी ते हेरलं. "भीती वाटते ना? कोण साक्षीदार येतोय म्हणून?" त्यांना काय सांगणार? मी वाट बघत होते. घरी बघत होते तशीच ठाण्यातही बघत होते.

गुरसिद्धाला त्यांनी आतच ठेवलं होतं. मला बाकावर त्याचा आवाज यायचा. आधी तो "साहेब, साहेब" म्हणायचा. मग "आई गं" म्हणायला लागला. शेवटी शेवटी काहीच म्हणेना, नुसता पट्ट्याचा आवाज यायचा. माझ्यावर देखरेखीला हौसाबाई म्हणून महिला शिपाई होती. असा आवाज आला की ती उठायची, माठातलं पाणी आणायची आणि म्हणायची, "पी गं बाई." मला तहान नसायची. तिलाच काहीतरी करायचं असायचं.

एके दुपारी घाटगे बाहेर आले ते हसतच. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. आवाज इतका मऊ की मला वाटलं दुसराच कुणी बोलतोय.

"अनसूया, झालं बघ. टेलर बोलला. तुम्ही दोघांनी मिळून त्याला विहिरीत टाकला. सगळं सांगितलं त्यानं."

"खोटं आहे."

"ऐकून घे. सगळा दोष त्यानं तुझ्यावर ढकललाय. तू गप्प बसलीस तर तू फासावर जाशील आणि तो माफीचा साक्षीदार होऊन सुटेल. तू बोललीस तर मी वर सांगेन, बाई भोळी आहे, त्यानं भरीला घातलं. दोन-चार वर्षं. मग मोकळी."

"पण साहेब, असं झालंच नाही."

गुरसिद्धानं दाखवलेली विहीर त्यांनी उपसून बघितली होती, हे मला मागाहून कळलं. खाली गाळ आणि फुटकी घागर निघाली. म्हणून तर त्यांना मी हवी होते. ते आणखी पुढं सरकले.

"तुझा जीव होता ना त्याच्यावर? मग असं का करतेस? बिनअग्नीचा पडलाय कुठंतरी. कुत्री-कोल्ही ओढत असतील. जागा सांग. आपण त्याला आणू, पाणी पाजू, दहावा-तेरावा करू. शांत होईल बिचारा. तुला नाही का वाटत, तो शांत व्हावा?"

मार मी सोसला असता की काय, देव जाणे. पण या बोलण्यानं माझं काळीज पिळवटलं. रोज तेच तेच ऐकून माणसाचं डोकं आपलं राहत नाही. मला वाटायला लागलं, एवढी शिकलेली माणसं म्हणतात तर हे गेलेच असतील. गेले असतील तर उघड्यावर कशाला पडू द्यायचे? जबाब लिहून तयार होता. घाटग्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "फक्त जागा सांग. ती मोकळी सोडलीय. ती भरतो आणि तू सही कर."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. म्हटलं, काहीतरी सांगून टाकू आणि घरी जाऊ. नदी सांगावी म्हणून डोळ्यांपुढं नदी आणली, तर हे घाटाच्या पायरीवर बसून पाय धूत होते. माळावरचं बाभुळबन आणलं, तर सावलीत टॉवेल टाकून पडले होते. विहीर आणली तर वाकून पोहरा ओढत होते. जिथं म्हणून त्यांना टाकायला जावं तिथं ते जिवंतच दिसायचे. मेलेले मला कुठंच दिसेनात.

"सांग की!" घाटगे ओरडले.

"मला येत नाही, साहेब," मी म्हटलं. दुसरं काय बोलावं सुचलंच नाही.

त्यांनी पेन हिसकावून घेतलं.

प्रेत सापडेना, दोन्ही आरोपींचे जबाब जुळेनात, तेव्हा जिल्ह्याहून अष्टपुत्रे साहेब आले. इन्स्पेक्टर होते. उंच, सडपातळ, केस पिकायला लागलेले. त्यांनी घाटग्यांना बाहेर पाठवलं, हौसाबाईला आत थांबायला सांगितलं आणि मला बाकावरून उठवून खुर्चीवर बसवलं. चहा मागवला. नवऱ्याचं नाव विचारलं नाही.

म्हणाले, "अनसूयाबाई, तुमच्या मालकांनी क्लार्नेट का नेलं नसेल? तुम्हाला काय वाटतं?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे मला सांगत होते.

मी म्हटलं, "दात हलायला लागले होते त्यांचे. समोरचे, वरचे. फुंकलं की कळ मस्तकात जायची. डॉक्टरनं काढावे लागतील म्हणून सांगितलं होतं. दात गेले की क्लार्नेट वाजत नाही, साहेब."

"घरात कुणाला ठाऊक होतं?"

"दिनकरभाऊजींना होतं. त्यांनी मिरजेहून नवा वाजवणारा आणला होता. जतच्या लग्नात त्यानंच वाजवलं. यांच्या हातात झांजा दिल्या होत्या."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हे आले ते हात चोळत आले. झांजेच्या दोरीचे वळ होते बोटांवर. मी काही विचारलं नाही. संध्याकाळी तेल लावून देते म्हटलं. 'बरं' म्हणाले."

साहेबांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. मला वाटलं, यांना पटलं. पण पोलीस तो पोलीस. पटलेलंही तो तपासून बघतो. ते उठले आणि शेजारच्या खोलीत गेले, मधलं दार लावून घेतलं. थोड्या वेळानं परत आले. चेहरा अगदी शांत. माझ्यासमोर उभे राहिले, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "अनसूयाबाई, जोतिराम सापडला. आता आणलाय. पलीकडच्या खोलीत बसवलाय. तुम्ही दोघांनी त्याचं काय केलंत, ते सगळं सांगितलंय त्यानं."

ज्या बाईनं नवरा मारलाय ती काय करेल? ती दचकेल. असं होणारच नाही म्हणेल. निदान तिच्या डोळ्यांत एक क्षण तरी ते दिसेल. त्यासाठी तो डाव होता. आज मला कळतं. तेव्हा मला पहिली दोनच वाक्यं ऐकू आली. शेवटचं तर कितीतरी दिवसांनी आठवलं.

"कसे आहेत?" मी उठलेच. "बरे आहेत ना?"

साहेबांनी माझ्यावरची नजर काढली.

"काही खाल्लंय का? चहा दिला का, साहेब? दिलात तर कोमट करून द्या. गरम लागतो दातांना, नको म्हणायचे नाहीत, तसाच गिळतील."

एवढं बोलले आणि मला एकदम स्वतःकडं बघायची आठवण झाली. तेच लुगडं किती दिवसांचं. केस विस्कटलेले. रडून रडून तोंड सुजलेलं. मी हौसाबाईचा हात धरला.

"बाई, मला तोंड धुवायला पाणी दे. असं नको त्यांनी मला बघायला. फणी आहे का गं तुझ्याकडं?"

हौसाबाईनं पाणी आणलं. मी कोपऱ्यातल्या मोरीवर तोंड धुतलं, पदरानं पुसलं. फणी नव्हती, बोटांनीच केस सारखे केले, अंबाडा घट्ट बांधला. पदर नीट केला. हौसाबाईनं आपल्या पिशवीतून करंडा काढून माझ्यापुढं धरला. तिचे डोळे भरून वाहत होते. मला वाटलं, माझ्यासाठी आनंदानं रडतेय. कुंकू लावताना मी हसत होते. खरंच सांगते, हसत होते. मनात नुसती घाई. घरात पीठ आहे का, दूध मिळेल का, शेजारणीकडून आणू, भाकरी दुधात कुस्करून देऊ म्हणजे चावायला नको. दात गेले तर गेले. क्लार्नेट नाही तर नाही, ओठांनी फुंकत बसा, मी भाकरी थापते.

बाहेर ऊन होतं, कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, आणि मधे एक दार होतं फक्त. लग्न झाल्यापासून त्या दिवसापर्यंत आणि त्या दिवसापासून आजपर्यंत, मला आठवत नाही मी कधी इतकी सुखात होते.

साहेबांनी खिडकीकडं तोंड केलं होतं.

"जाऊ मी?" मी विचारलं.

"थांबा, बाई," ते म्हणाले. "जरा थांबा. मला तुम्हाला…"

मला कुठला धीर! मी दार ढकललं.

आत जप्त केलेली सायकल होती. कपाट होतं. वर गठ्ठे बांधलेले होते, धूळ होती. खुर्ची होती, रिकामी. मी दारामागं बघितलं. कपाटाच्या आडोशाला बघितलं. दुसरं दार कुठं आहे म्हणून भिंतींवरून नजर फिरवली, दुसरं दार नव्हतं.

"कुठं गेले?" मी विचारलं.

साहेब उंबऱ्यात उभे होते. टोपी काढून हातात घेतली होती.

"नव्हतेच," ते म्हणाले. "तुम्ही घरी जा, अनसूयाबाई. तुम्हाला आता कुणी बोलावणार नाही."

मला ते कळायला वेळ लागला. मी त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बराच वेळ बसून राहिले. हौसाबाईनं मला उठवलं, पार घरापर्यंत पोचवलं.

त्याच संध्याकाळी गुरसिद्धही सुटला. त्याच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा सुईभोवती वळली नाहीत. त्यानं मशीन मोडीत काढलं आणि तो भावाकडं विजापूरला निघून गेला. जाताना माझ्या दाराशी उभा राहिला, म्हणाला, "वहिनी, मी तुमचं नाव घेतलं. मला मारत होते हो." मी म्हटलं, "मला ऐकू येत होतं, गुरसिद्धभाऊ." त्याला एवढं पुरलं. तो गेला.

दिनकरभाऊजी मात्र पावसाळा संपल्यावर आले. उंबऱ्याबाहेरच बसले. आत या म्हटलं, आले नाहीत.

"झांज मीच दिली त्याच्या हातात," ते म्हणाले. "सगळ्या वरातीसमोर. म्हटलं, जोत्या, आता एवढंच कर. तो काही बोलला नाही, अनसूया. त्यानं घेतली आणि वाजवली."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला.

"त्याचा कुणी खून केला असता, तर बरं झालं असतं," ते म्हणाले आणि त्यांनी डोक्याचा पटका तोंडावर ओढला.

तेव्हा मला त्यांची तक्रार कळली. खून झाला असता तर भाऊ त्यांच्यामुळं गेला नसता.

पुढं मी मिरजेच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले. कुणी म्हणालं गाणगापूरला दिसले, मी गेले. कुणी म्हणालं हुबळीला एका खानावळीत ताटं धुतात, तिथं जाऊन आले. कुणी म्हणालं, आता वर्षं झाली, कायद्यानंही मेलेलाच धरतात, कुंकू पूस. ते मात्र मी ऐकलं नाही.

परवाच्या हिवाळ्यात मोतीबिंदूसाठी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. नर्सनं डोळ्यांत थेंब घातले, बाकावर बसवलं. समोरचं सगळं धुक्यात गेलं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, तेही डोळे मिटून. नर्सनं त्यांना काहीतरी विचारलं आणि ते म्हणाले, "थांबा, बाई. जरा थांबा."

तो आवाज मी गर्दीतही ओळखला असता.

"अष्टपुत्रे साहेब का?"

"हो. आपण?"

"क्लार्नेटवाल्याची बायको."

त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "सापडले?"

"नाही."

"नोकरीत मी पुष्कळ डाव टाकले," ते म्हणाले. "चोरांवर टाकले, खुन्यांवर टाकले. त्यातला एकही मला आठवत नाही. तुमच्यावर टाकलेला मात्र… तुम्ही फणी मागितलीत, बाई. त्यानंतर मी तो कुणावर टाकला नाही. माझं चुकलं."

"त्या डावामुळं तर मी सुटले."

"म्हणून काय झालं?"

"साहेब, एक सांगू? फौजदारांनी मेले म्हणून सांगितलं. सासरच्यांनी सांगितलं. ज्योतिष्यानं सांगितलं, भावकीनं सांगितलं. हे आहेत, हे आलेत, असं मला आजवर फक्त तुम्ही सांगितलंत. मी खोटं म्हणून ते टाकून दिलेलं नाही. कधी कधी दुपारचं काम आटोपलं की काढून बघते."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही. औषधानं वाहतच असतं. आतून नंबर पुकारत होते, ते आमचे नव्हते.

थोड्या वेळानं त्यांनी अगदी हळू विचारलं, "त्या दिवशी दार ढकललंत, आणि खरंच ते तिथं बसलेले असते, तर काय विचारणार होतात? कुठं होता म्हणून? का गेलात म्हणून?"

"छे," मी म्हटलं. "विचारायचं काही नव्हतं."

"मग?"

"'अहो, चला,' म्हणणार होते."